आकारामचं नववं वाक्य

आकाराम मला कधीच आवडला नाही. शाळेत असताना नाही, कुपवाडला फिटर झाला तेव्हा नाही, आणि चीनमधून परत येऊन आमच्याच गावात बसून चिनी लोकांना इंग्रजी शिकवायला लागला तेव्हा तर मुळीच नाही. मी बत्तीस वर्षं वडूजजवळच्या आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. दहावीला आकारामला इंग्रजीत अठ्ठावीस मार्क पडले होते, आणि तेसुद्धा पेपर तपासणाऱ्यानं दया येऊन दिले असणार, असं माझं तेव्हा मत होतं. अशा माणसाकडून चाळीस हजार लोक इंग्रजी शिकतात हे ऐकून ज्याच्या पोटात दुखणार नाही, त्यानं मला शहाणपण शिकवावं. बाकीच्यांनी गप्प बसावं.

त्याचं घर धनगरांचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचं आणि पावसाच्या आधी परत यायचं, असा त्यांचा वर्षाचा रिवाज. बाप लवकर गेला. आई रंगुबाई, थोरला मुलगा तात्याबा आणि धाकटा आकाराम. मेंढरांमागं गेल्यामुळं पोरांची शाळा चार-चार महिने बुडायची. तात्याबा दोन वर्षं नापास झाला आणि धाकट्या भावाच्या वर्गात येऊन बसला. मी दोघांना शेवटच्या बाकावर जागा दिली. त्यांनी कधी मला काही विचारलं नाही, मीही त्यांना काही विचारलं नाही.

पुढं तात्याबा फौजेत गेला. सतरा वर्षं काढली त्यानं, त्यातली बरीच बर्फात. डाव्या पायाची दोन बोटं तिथंच राहिली. चीन म्हणजे त्याच्यासाठी नकाशावरचा देश नव्हता, समोरच्या टेकाडावर दुर्बीण लावून बसलेला माणूस होता. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही. तात्याबाही मला आवडत नाही.

आकाराम दुसऱ्या खेपेला दहावी सुटला, आयटीआय करून कुपवाडला लागला. तिथल्या एका छोट्या कारखान्यात ठिबकच्या नळ्यांचे जोड बनायचे. दोन हजार नऊ साली मालकानं चीनहून नवं मशीन आणलं आणि ते बसवायला तिकडून चेन नावाचा इंजिनिअर आला. मशीनबरोबरचं पुस्तक चिनीत, आणि त्यात जे काही इंग्रजी होतं ते न वाचलेलंच बरं. कारखान्यातले शिकलेले लोक चेनशी बोलायला लाजायचे, आपलं इंग्रजी चुकेल म्हणून. आकारामला ती लाज नव्हती. चुकायची सवय मला सरांनीच लावली, असं तो कुणाजवळ तरी म्हणाला होता आणि ते फिरत फिरत माझ्या कानावर आलं होतं.

चेनचं इंग्रजीही मोडकंच होतं. दोघं खोक्याच्या पुठ्ठ्यावर चित्र काढायचे आणि खाली एक चिनी, एक इंग्रजी, एक मराठी असे शब्द लिहायचे. पान्याचं चित्र, साच्याचं चित्र, तेल गळतंय त्याचं चित्र. दोन महिन्यांत मशीन सुरू झालं आणि आकारामच्या खोलीत पुठ्ठ्यांची थप्पी लागली. मग त्या चिनी कंपनीनं त्याला निंगबो नावाच्या बंदराच्या शहरात ट्रेनिंगला नेलं. नेलं चार महिन्यांसाठी, ठेवून घेतलं नऊ वर्षं. वर्षातून एकदा तो सुटीवर यायचा. दोन हजार वीसच्या सुरुवातीला आला तो करोनामुळं इथंच राहिला.

तेव्हापासून त्याचं काम घरून चालतं. त्या कंपनीचे चिनी फिटर मशीन बसवायला आफ्रिकेत, फिलिपिन्सला, कुठं कुठं जातात. तिथं त्यांना इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही. त्यांच्यासाठी आकाराम दर सोमवारी एक पान तयार करतो. एका पानावर एकच शब्द, रोजच्या वापरातला. त्याचे अर्थ, तो कुठं वापरायचा, कुठं नाही, चिनी माणूस तिथं हमखास कोणती चूक करतो, आणि शेवटी बारा वाक्यं. पानाच्या डाव्या बाजूला चिनी, उजव्या बाजूला तेच साध्या इंग्रजीत. ही पानं आता त्या कंपनीबाहेरही फिरतात म्हणे.

मी नोकरीत असताना अशीच तीनशे शब्दांची वही हातानं लिहून काढली होती. साताऱ्याच्या दोन प्रकाशकांनी ती परत केली. विद्यार्थ्यांना इतक्या खोलात जायची गरज नसते, असं एकानं सांगितलं. दुसऱ्यानं काहीच सांगितलं नाही. त्यामुळं आकारामच्या पानांचं कौतुक कुणी माझ्यासमोर काढलं की मी विषय बदलायचो.

आता स्वप्नालीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावर येऊन ठेपलं. स्वप्नाली ही आकारामची एकुलती मुलगी. चार वर्षं पहाटे उठून वडूजच्या रस्त्यावर पळत होती. गेल्या वर्षी सीमेवरच्या एका दलात तिची निवड झाली. लेखी झाली, धावणं झालं, वैद्यकीय झालं. बारा तारखेला ट्रेनिंगला हजर व्हायचं पत्र आलं. राहिली होती फक्त पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी. ती वेळेत पोचली नाही तर निवड रद्द, असं पत्रात स्पष्ट छापलेलं होतं. आणि वयाची अट बघता पुढच्या भरतीत ती बसत नव्हती.

नेमक्या त्याच वेळी तात्याबानं ठाण्यात अर्ज दिला. दोघा भावांत बांधावरून आठ वर्षं बोलणं बंद होतं. एकमेकांच्या दारातून जाताना मान वळवायची, लग्नात एकानं हजेरी लावली तर दुसऱ्यानं जायचं नाही, इतकं. अर्जात त्यानं लिहिलं होतं की माझा भाऊ रोज चिनी माणसांशी चिनीत बोलतो, गावच्या विहिरीचे, टाकीचे, रस्त्याचे फोटो पाठवतो, कागदं पाठवतो, त्यात काय असतं ते सरकारनं बघावं. पुतणीच्या नोकरीचं काय, असं सरपंचांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "पोरीशी माजं काय न्हाई. पन चीनला मी डोळ्यांनी बगितलंय. ह्यानं पगार खाल्लाय त्यांचा."

हवालदार समजूतदार होते. त्यांनी आकारामकडून शेवटच्या सोमवारचं पान मागून घेतलं आणि माझ्याकडं आणून दिलं. म्हणाले, "सर, गावात इंग्रजीचे जाणकार तुम्हीच. ह्याचं मराठी करून द्या, खाली सही करा. काही वावगं नसेल तर मी पडताळणी नऊ तारखेच्या आत पाठवून देतो. पोरीचं नुकसान व्हायला नको." तो दिवस पाच तारखेचा. मला आतून बरं वाटलं, हे कबूल करतो. आकारामचं इंग्रजी तपासायची संधी सरकारनं स्वतः घरी आणून दिली होती.

त्या सोमवारचा इंग्रजी शब्द होता टेक, म्हणजे घेणे.

मी लाल पेन घेऊन बसलो. पहिल्या चाळीस ओळींत सात चुका निघाल्या. शब्दांच्या आधी जिथं अ किंवा द हवा तिथं नाही, जिथं नको तिथं आहे. दहावीतही हेच करायचा. मी मजेत होतो. पण जसजसं पुढं वाचत गेलो तसतसा माझा हात सावकाश होत गेला.

त्यानं सुरुवातच वेगळी केली होती. शब्दकोशातले अर्थ एकाखाली एक न मांडता त्यानं लिहिलं होतं की आधी एक हात डोळ्यासमोर आणा. हात पुढे जातो, वस्तू जागची हलते आणि आता ती तुमच्याबरोबर आहे. बाकीचे अर्थ यातूनच निघतात, पाठ करू नका. मग त्यानं चिनी माणसाची अडचण सांगितली होती. चिनीत हातात घ्यायला एक क्रियापद, सोबत न्यायला दुसरं, बसनं जायला तर सरळ बसणे. इंग्रज मात्र सगळीकडं टेक लावतो. चिनी माणूस औषध खातो, म्हणून इंग्रजीतही ईट लावतो आणि हसं होतं. पुढं लिहिलं होतं, माझ्या भाषेतही आम्ही गोळी खातो आणि आम्हीही हीच चूक करतो. ब्रिंग आणि टेक यांचा घोटाळा होत असेल तर घाबरू नका, कारण तुमच्याकडं सोबत घेणे हे एकच क्रियापद आहे आणि शेवटी ये किंवा जा लावलं की झालं. माझ्या भाषेतही तसंच आहे, घेऊन ये आणि घेऊन जा. जिथं तोंडातून ये निघेल तिथं ब्रिंग, जिथं जा निघेल तिथं टेक.

मी खुर्चीत मागं टेकून बसलो. बत्तीस वर्षं मी ब्रिंग आणि टेक शिकवलं. दर वर्षी निम्मा वर्ग चुकायचा आणि दर वर्षी मी निम्म्या वर्गाला उभं करायचो. घेऊन ये, घेऊन जा, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी पेनाचं टोपण लावलं आणि चहा मागितला.

मग वाक्यांकडं वळलो. माणूस उदाहरणाला वाक्य कुठून आणतो? जवळचंच घेतो. आकारामनं प्रत्येक टेकसाठी सगळं गावच घेतलं होतं. माझी मुलगी पळायला जाताना पाण्याची बाटली नेते. वडूजला जायला आम्ही सकाळची एसटी पकडतो. मेंढरांना डोंगर उतरायला दोन तास लागतात. माझ्या आईनं कधी गोळी घेतली नाही. सहावं होतं, माझ्या भावानं माझी दोन फूट जमीन घेतली. सातवं, मी ते मुकाट्यानं घेतलं. मी एकटाच हसलो. चीनमधल्या चाळीस हजार माणसांना तात्याबाचा बांध पाठ झाला होता. आठवं कारखान्यातलं होतं, साचा थंड झाल्यावरच जोड बाहेर काढा.

आणि मग नववं. मोठे साहेब तपासणीला आले की सर आम्हा कच्च्या पोरांना वर्गातून बाहेर काढायचे आणि मागच्या फाटकापाशी सायकलींवर पहाऱ्याला ठेवायचे. त्याखाली बारीक अक्षरात सूचना होती की टेक आउट वस्तूंना लागतं तसं माणसांनाही लागतं.

नाव नव्हतं. फक्त सर. पण सर मीच होतो. तपासणी आली की हे आमच्याकडं ठरलेलं असायचं. साहेबांनी प्रश्न विचारायचा आणि मागच्या बाकावरून उत्तर आलं नाही की शेरा पुस्तकात बसायचा, म्हणून मागचे बाक आधीच रिकामे करायचे. मीच नाही, सगळेच करायचे. पण इंग्रजीच्या तासाला मी करायचो. त्याला मी कधी चूक म्हटलं नव्हतं. शाळेची अब्रू म्हटलं होतं.

मी ते वाक्य गाळलं. अकरा वाक्यांचं मराठी केलं, त्यांना एक ते अकरा आकडे दिले आणि खाली लिहिलं, वरील भाषांतर संपूर्ण व खरे आहे. त्याखाली सही, हंबीरराव घार्गे, निवृत्त शिक्षक.

सहा तारखेला ठाण्यात आम्ही चौघं. टेबलामागं हवालदार, एका बाकावर मी आणि तात्याबा, समोरच्या बाकावर आकाराम. मी वाचायला लागलो. सहाव्या वाक्याला जरा आवाज चढवला. तात्याबाचा चेहरा लालबुंद झाला. "दोन फूट? मोजून दाव म्हणावं त्येला," तो हवालदारांना म्हणाला. आकाराम त्यांनाच म्हणाला, "मोजनीचा नकाशा घरात हाय, सायेब." बोलणं बंद असलेले भाऊ ठाण्यातही तिसऱ्याच्या तोंडूनच बोलत होते. हवालदारांनी दोघांना गप्प केलं.

अकरावं वाचून मी कागद पुढं सरकवला. हवालदारांनी शिक्क्याची डबी उघडली होती. एवढ्यात तात्याबानं मूळ पान उचललं आणि त्यावर मोबाईल धरला. हल्ली त्यात कसलंही भाषांतर होतं. तो बोटानं मोजत गेला आणि म्हणाला, "आवं सायेब, हितं बारा हायत. नवव्या नंबरचं सरांनी खाल्लं."

त्यानं बटण दाबलं. मोबाईलमधल्या बाईनं कोरड्या आवाजात वाचलं, "मोठे अधिकारी तपासणीसाठी आले तेव्हा शिक्षकाने कमकुवत लोकांना बाहेर काढले आणि मागील फाटकावर पहारा ठेवला." हवालदारांनी डबी बंद केली.

"हे काय आहे सर? अधिकारी, फाटक, पहारा. आणि नेमकं हेच कसं राहिलं?"

"नजरचुकीनं," मी म्हणालो.

आकाराम बोलला. "साळंतली गोष्ट हाय ती. तपासनीच्या दिवशी आमाला मागं सायकली राखाय बशिवायचे. दुसरं काय न्हाई त्यात."

"कोणत्या शाळेत?"

"आमच्याच."

"कोणते सर?"

आकारामनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत गुरूबद्दलचा आदर वगैरे काही नव्हतं. तो वाट बघत होता, एवढंच. मग म्हणाला, "भाषांतर ज्येंचं हाय त्येंनाच इचारा."

हवालदार माझ्याकडं वळले. "सर, तुम्ही त्याच शाळेत होता. असं व्हायचं का?"

मला अजून ठाण्यातल्या पंख्याचा आवाज ऐकू येतो. मी म्हणालो, "आमच्या शाळेत असं कधी झालं नाही."

शेजारी तात्याबा पायाकडं बघत होता. तोही त्याच वर्गात होता, तोही फाटकाशी बसायचा. एक शब्द बोलला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. तो बोलला नाही. एकाच बाकावर बसून आम्ही दोघं खोटं बोललो, मी तोंडानं आणि तो गप्प राहून.

हवालदारांनी लिहिलं, खुलासा समाधानकारक नाही, सविस्तर चौकशीसाठी सादर. लिहिता लिहिता म्हणाले, "आता हे वर जाणार. महिना-दीड महिना धरा."

"पोरीला बारा तारखंला हजर व्हायचंय," आकाराम म्हणाला.

"ठाऊक आहे. पण माझ्यासमोर आलं ते मला लिहावं लागतं."

आकाराम उठला, चप्पल घातली आणि निघून गेला. मी घरी आलो आणि जेवलो. दोन घास जास्तच खाल्ले. माझी काही चूक नाही हे स्वतःला पटवताना मला नेहमी भूक लागते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला स्वप्नाली आली. गावातल्या मुली माझ्या पाया पडतात, ती पडली नाही. बस म्हटलं, बसली नाही. पाणी दिलं, ते तिनं ओट्यावर ठेवलं.

"पप्पांनी तुमचं नाव घिऊ नको म्हनून सांगितलंय," ती म्हणाली. "मी घेनार हाय. उद्या ठान्यात. त्या आदी तुमच्या तोंडानं ऐकायला आले. असं व्हायचं का न्हाई?"

मला तिचा सूर सहन झाला नाही. "तुझ्या बापाला गावची धुणी चीनमध्ये धुवायला कुणी सांगितलं होतं? दुसरं वाक्य सुचत नव्हतं त्याला?"

"खोटं लिवलंय का त्यात?"

मी ओट्यावरचा तांब्या तिच्याकडं सरकवला.

"चार वर्सं मी पळतीया सर. तुमच्या दारावरनंच जातीया. तुमी कट्ट्यावर दात घासत असता. एकदाबी कदी काय इचारलं न्हाई, कशाला पळतीस म्हनून." ती दम घेऊन म्हणाली, "तवा तुमी पप्पांना वर्गाच्या भाईर काढलं. आता मला काढताय. तुमचा वर्ग तरी कवा संपायचा?"

ती गेली. पाण्याचा तांब्या तसाच होता. मला पश्चात्ताप झाला असं मी म्हणणार नाही. मला संताप आला. त्या मुलीचा, तिच्या बापाचा, तात्याबाच्या मोबाईलचा. आकारामच्या पानातल्या सात चुका मी परत मोजल्या. सातच होत्या. मग माझा स्वतःचा कागद आठवला. संपूर्ण व खरे, असं मी त्यावर लिहून सही केली होती. अ आणि द चुकवणाऱ्या माणसानं बारा वाक्यांत एकही खोटं लिहिलं नव्हतं, आणि एकही व्याकरणाची चूक न करता मी एका ओळीत खोटं लिहिलं होतं. त्या विचारानं मला जास्तच राग आला, पण आता तो काढायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

आठ तारखेला सकाळी ठाणं उघडायच्या वेळी मी जाऊन बसलो. थोड्या वेळानं आकारामही आला. मुलीला त्यानं येऊ दिलं नव्हतं, स्वतःच आला होता. मला बघून तो समोरच्या बाकावर बसला.

पुढचं आधी सांगून टाकतो. पडताळणी त्याच दिवशी गेली, आणि बारा तारखेला स्वप्नाली ट्रेनिंगला हजर झाली. जाताना ती माझ्या घरावरून गेली, थांबली नाही. थांबायचं कारणही नव्हतं.

त्या सकाळी मी जबाब लिहून दिला की नवव्या वाक्यातला शिक्षक मीच, आणि सहा तारखेला मी खोटं सांगितलं. हवालदारांनी तो दोनदा वाचला. माझी कीव करावी की मला झापावं हे त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी म्हणाले, "सर, नुसतं तुमचं म्हणणं पुरणार नाही. त्या मुलांची नावं द्या. दोघा-चौघांना विचारून खात्री करतो. सहा तारखेचा कागद अजून वर गेलेला नाही, तो बाजूला ठेवतो."

मी पेन उचललं. आकाराम आणि तात्याबा, ही दोन नावं लिहिली. आणि पुढं काही सुचेना.

सायकली आठवल्या. हेडमास्तरांची हिरवी, डायनामोवाली. क्लार्कची, तिचं कॅरिअर वाकलेलं होतं. ड्रॉइंगच्या सरांची नवी कोरी, तिच्या सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली असायची. माझी स्वतःची, काळी. कोणती कुठं उभी असायची हेही मला दिसत होतं. त्यांच्याजवळ बसलेली पोरं मात्र दिसत नव्हती. एकाचंही तोंड समोर येत नव्हतं. मी पाच मिनिटं कागदाकडं बघत होतो. हवालदार खोकले.

"धुळा," आकाराम समोरून म्हणाला. "बिरा. मायाप्पा. शिंदेवस्तीवरचा लालासाहेब." तो माझ्याकडं न बघता सांगत होता, एका चालीत. सायकलींच्या रांगेनं सांगत असावा, कोण कुठं बसायचं त्याप्रमाणं. "सिदू. त्येची भन हरणाबाई, तिला पान्याच्या टाकीपाशी बशिवायचे, पोरगी हाय म्हनून." मी लिहीत गेलो. दोन नावं मला परत विचारावी लागली. सगळी मिळून तेरा भरली.

तात्याबाला बोलावून घेतलं. तुम्ही होता का, असं हवालदारांनी विचारलं. त्यानं आधी माझ्यासमोरचा नावांचा कागद वाचला. मग म्हणाला, "व्हतो. फाटकाच्या कडीला मीच असायचो." आणि लगेच, "पन अर्ज मी मागं घ्येनार न्हाई. बांधाचंबी सोडनार न्हाई." त्यानं सही केली आणि भावाकडं पाठ करून निघून गेला. हवालदारांनी त्याचं म्हणणं त्याच कागदाला जोडलं.

जबाब पुरा होत आला तेव्हा मला आणखी एक गोष्ट आठवली. तपासणीचे साहेब सगळ्यात आधी कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, मागायचे. वर्गातली डोकी आणि कॅटलॉगातली हजेरी जुळायला लागायची. म्हणून त्या दिवशी प्रार्थना झाली की मी आधी या पोरांच्या नावांपुढे गैरहजर लावून ठेवायचो. पोरं शाळेत आलेली असायची. तपासणी म्हणून आंघोळ करून, तेल लावून आलेली असायची. खिडकीतून मला दिसायची, आणि मी त्यांना गैरहजर लावायचो.

"हेही लिहू का?" मी हवालदारांना विचारलं.

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. "त्याची काही गरज नाही सर. रिपोर्टला एवढं भरपूर झालं. सही करा."

आकाराम बाकावरून उठून टेबलापाशी आला.

"लिव्हा," तो म्हणाला. "नावं मी परत सांगतो. एकेकाच्या फुडं लिव्हा."

हवालदारांनी कागद माझ्याकडं सरकवला. आकारामनं पहिलं नाव घेतलं आणि थांबला. मी त्याच्यापुढे हजर असं लिहिलं. मग त्यानं दुसरं घेतलं. तेराव्यापर्यंत तो माझ्या खांद्याशी उभा राहून प्रत्येक अक्षर बघत होता, आणि माझं झाल्यावर निघून गेला.